शमूच्या लग्नाला हरकत

ता. १ नोव्हेंबर १९९८, रविवार
शमूचं दुसरं लग्न ठरलं. आज देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दोघांची नावं वाचली. अजून दोन रविवार वाचतील, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतील. मुलगी येवल्याची, एस्तेर, नर्स आहे. मला विचारलं नाही. "आई, तुलाच सोबत होईल." माझ्यासाठी लग्न करतोय म्हणे, मेला!

ता. ४
एस्तेर आली. न सांगता माझ्या गुडघ्याला तेल चोळलं. सून शांता मेली, नातीला तिच्या आजोळचे घेऊन गेले. तेव्हापासून पाच वर्षं कुणाचा हात लागला नव्हता. शमू घरात असतो, पण…

ता. ८, दुसरा रविवार
परत नावं वाचली. मी जागची उठले नाही.
शांता तापानं फणफणत होती. म्हटलं, दवाखान्यात ने. "नाटकं करते," म्हणून हा गाण्याच्या तालमीला गेला. तिसऱ्या दिवशी शांताची शवपेटी. पेटीशी ढसाढसा रडला. फोटो काढून झाला नि डोळे कोरडे. घरी येऊन विचारतो, "फोटोत मी कसा आलो असेन?"

ता. ११
म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांकडे गेले. जुन्या ख्रिस्ती साधूंची पुस्तकं वाचत बसलेले असतात. विचारलं, असा जीव देवच घडवतो का?
"नाही हो मावशी. सैतानासारखा, तो पडलेला देवदूत. उजेड देवाचा, त्याला वाटला आपलाच. त्यातच बघत राहिला. मन रिकामं केलं तर देव येतो. अशा माणसांना रिकामं राहायची भीती, मग स्वतःलाच भरतात. दुसरा माणूस म्हणजे नुसता आरसा."
"नि सुरुवात कोण करतं?"
चष्मा पुसत बसले. कळलं मला.
तीन पोरं गेल्यावर हा झाला. बायबलातल्या हन्नानं आपला मुलगा वाहिला तसा देवाला वाहिला, त्याचंच नाव शमुवेल ठेवलं. तू देवाचा निवडलेला, हे रोज त्याच्या कानात. देवाच्या माणसाला रागवायचं कसं? शेजारच्या पोरीची बोटं त्यानं दारात चेंगरली, मी पोरीलाच दटावलं.

ता. १५, तिसरा रविवार
"कुणाची हरकत?" मी उठले. "आईचे गुडघे दुखतात," म्हणत शमू धावत खुर्ची घेऊन आला. बायका म्हणाल्या, किती मायाळू पोरगा! मी बसले. थू माझ्यावर.
दुपारी. एस्तेर चारला येणार. शमूला द्वारका चौकात पाठवलंय कामाला. शमूचं खरं सांगितलं तर ती परत या घरात येणार नाही. नि मग मी…
चहाचं आधण ठेवलंय. आधी शांताचं सांगू, की माझं?