याडीचा ढावलो जर्मनमध्ये

प्रिय उज्ज्वला,

परवाही तुझा फोन दोन मिनिटांत आटोपला. ‘याडी बरी आहे ना?’ एवढं मला विचारतेस, पण तिच्याशी बोलत नाहीस. तुझ्या लग्नात आपली ही आई तुझ्यासाठी रडली नाही, हा राग तू दोन वर्षं मनात धरून बसली आहेस.

दिग्रसच्या नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवून माझा घसा बसतोच, त्यात हौसेनं एक भाषांतर अंगावर घेतलंय. आपल्या बंजारा तांड्यांवरच्या गाण्यांचं इंग्रजी पुस्तक आहे. निम्मं सरळ झालं आणि एका वाक्यावर गाडं अडलं: ढावलो, म्हणजे नवरीचं निरोपाचं रडगाणं, ऐकणाऱ्याच्या मनातलं दुःख ‘अवेकन’ करतो. जर्मनमध्ये झोपलेल्याला उठवायचं तर ‘वेकेन’, खळबळ माजवायची तर ‘एरेगेन’. दोन्ही लिहिले, दोन्ही खोडले. इंग्रजांचं बरं आहे, एकाच शब्दात सगळं उरकतात!

शेवटी याडीलाच विचारलं. ती ओट्यावर तूर पाखडत होती. म्हणाली, “दुःख झोपते कायचं वं? पोरगी जाते तवा मायचं दुःख जागंच रायते. ढावलो म्हनला तं थे भायेर येते. नाही म्हनला तं अंदरच रायते.” मग सूप खाली ठेवलं. “माह्यं अंदरच हाये,” म्हणाली आणि घरात निघून गेली. मला पुढे काही लिहवेना.

आपल्यात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, आणि तिला ओळी येत नसल्या तर माय सुरुवात करून देते. तुला येत नव्हत्या. तू याडीच्या गळ्यात पडून वाट पाहत राहिलीस आणि तिनं नुसती पाठ थोपटली. तुला वाटलं, तांड्याबाहेरचा नवरा केला म्हणून ती रुसली.

ती रुसली नव्हती गं. आदल्या दिवशी मीच तिला दम दिला होता, की नागपूरचे शिकलेले पाहुणे आहेत, हॉलमध्ये गळा काढू नकोस, लोक हसतील. तिनं शहाण्या लेकीचं ऐकलं. मला लाज वाटली म्हणून तुझा ढावलो राहिला, आणि तुझा राग तिच्यावर निघत असताना मी दोन वर्षं गप्प बसले. हे सांगायलाच आज लिहायला बसले. माझ्यावर चिड, बोलू नकोस, मला चालेल. पण रविवारी ये आणि तिच्या गळ्यात पड. या वेळी तिला कुणी गप्प करणार नाही.

तुझीच,
वर्षा