काळ्या गाडीच्या मागच्या दारावरचा चरा

३ फेब्रु., सोम.
चार गाड्या पॉलिश केल्या. कंबर गेली.
नितीनचा नवा हट्ट, प्रत्येक गाडीचे आधीचे आणि नंतरचे फोटो. "आपलं काम लोकांना दिसलं पाहिजे." दिसू दे की. पण काढणार कोण, तर बायको. हात पॉलिशचे, मोबाइल बुळबुळीत. पहिल्या गाडीचे चाळीस फोटो काढले, निम्म्यांत माझा अंगठा. पाऊण तास वाया.
मग डोकं चालवलं. शेडच्या फरशीवर ऑइलपेंटचे सहा ठिपके मारले. आधीचा असो की नंतरचा, तिथेच उभं राहायचं. डावा हात कोरडा ठेवायचा, तो फक्त मोबाइलचा. आणि फोटोसाठी मुद्दाम थांबायचं नाही, बादली बदलायला उठलं की त्याच फेरीत काढून घ्यायचे. शेवटच्या गाडीला एकूण दहा मिनिटं लागली.
देवजीकाका (गाड्या धुण्याचं काम त्यांचं, सहा वर्षं झाली) ठिपके बघून म्हणाले, "बाय, लग्नाचा चौक मांडलास का?" दिवसभरात मी तेवढंच हसले.

४ फेब्रु.
रविवारी दिराचं लग्न. कासारीण आली, घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरल्या. मला दोन्ही हातांत डझन डझन, हिरव्या. सासूबाई म्हणाल्या, "मांडव उतरेपर्यंत काढायच्या नाहीत हां."
आणि गाड्या कोणी पुसायच्या?
नितीनचे जुने मोजे पंज्याकडून कापले आणि मनगटावर चढवले. बांगड्या झाकल्या. आवाजही नाही.

५ फेब्रु., बुध.
झाई गावच्या चिकूवाडीवाल्या शेठची गाडी. काळी. काळी गाडी म्हणजे शिक्षाच.
मी येईपर्यंत काकांनी पाणी मारलेलं. आधीचे फोटो ओल्या गाडीचेच काढले. खरं तर कोरडीचे काढायला हवेत, पाण्याखाली बारीकसारीक काही दिसत नाही. पण कंटाळा. घरी पाहुणे, डोक्यात हळद, मानपान, कोणाला कुठे झोपवायचं...
काका धुऊन, कोरडी करून एकला जेवायला गेले. पॉलिश मी एकटीनं केलं. साडेतीनला गाडी गेली. आरशासारखी झाली होती, खरंच.

६ फेब्रु.
शेठ परत. मागच्या डाव्या दारावर चरा, वीतभर.
"बेन, आ लिसोटो केम? काल तर नव्हता!"
नितीननं माझे फोटो उघडले. आधीचा ओला, त्यात काय दिसणार. नंतरचा घाईत, ठिपका सोडून लांबून काढलेला. चरा आधीचा होता असं म्हणायची सोय नाही. नितीन माझ्याकडे बघत राहिला, मग काकांकडे वळला. "स्पंजमध्ये वाळू राहिली ना? किती वेळा सांगितलं!" काका जमिनीकडे बघत उभे. नितीन शेठसमोरच म्हणाला, उद्यापासून येऊ नका.
काकांनी बादली धुऊन पालथी घातली आणि निघाले. लग्न तीन दिवसांवर आणि घरात भांडण नको, म्हणून मी काही बोलले नाही.

९ फेब्रु.
लग्न झालं. पाय माझे नाहीत.

११ फेब्रु., मंगळ.
मांडव काल उतरला. आज मोबाइल भरला म्हणाला, म्हणून जुने फोटो पुसत बसले.
काळ्या गाडीचे अधलेमधले, कोणाला न दाखवलेले, त्यात सापडले. बादलीच्या फेरीत सवयीनं काढलेले. १.१४ चा फोटो, मागचं डावं दार, धुतलेलं, कोरडं. दारात शेडच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, सरळ, कुठे तुटलेलं नाही. २.५० चा, तेच दार, तोच ठिपका. ट्यूबची रेघ मधोमध तुटलेली.
एक ते तीन काका जेवायला गेले होते. दाराला हात फक्त माझा.
मोजा भिजून खाली सरकला असणार. एका बांगडीचा टवका उडालेला होता, ते आत्ता आठवतंय. मला माझीच लाज वाटते.

१२ फेब्रु.
नितीनला दोन्ही फोटो दाखवले. त्यानं मोठे करून बघितले, दोनदा.
"शेठ गप्प बसलेत ना आता? मग आपण पण गप्प बसू. तुझ्या हातून झालं म्हटल्यावर उद्या कोण गाडी देईल?"
"आणि काका?"
"त्यांना काय, वाडीत काम मिळेल."
एकटीनं तीन गाड्या धुतल्या. फोटो एकाही गाडीचे काढले नाहीत.

१३ फेब्रु., गुरु.
काकांच्या पाड्यावर गेले. रिक्षावाल्यानं फाट्यावर सोडलं, पुढे उन्हात चालत. काका अंगणात कुडाला शेण लिंपत होते. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मी मोबाइल काढला, तर म्हणाले, "नको दाखवू. मना ठाव हाय. जेवून आलो तवा मोजा खाली आलेला दिसला."
"मग सांगितलं का नाहीत?"
"लग्नाच्या बांगड्या. काढ, असा कसा सांगाचा?"
"अहो, तेव्हा नाही. शेठ आले तेव्हा. नितीन बोलला तेव्हा."
त्यांनी हात पाण्यात बुडवले, पुन्हा लिंपायला लागले. लिंपता लिंपताच म्हणाले, "तू पण नाय बोललीस, बाय."
मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणणार होते. पण सहा वर्षांत त्यांच्या स्पंजमध्ये वाळूचा कण राहिलेला नाही, हे तर माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं.
कामाला या, असं म्हणायला गेले होते. म्हणता आलं नाही.

१५ फेब्रु., शनि.
सकाळी नितीनला न विचारता शेठना दोन्ही फोटो पाठवले. खाली लिहिलं, चरा माझ्या बांगडीचा आहे, दार मी स्वतः नीट करून देते.
दुपारी त्यांचा फोन. दोन्ही हात फेसात, म्हणून स्पीकरवर टाकला. नितीन पलीकडे पाइप घेऊन चाकं धूत होता. मला वाटलं, शेठ आता आरडाओरडा करतील. ते म्हणाले, "ठीक छे, दाराचं बघू. पण बेन, तर मग त्या म्हाताऱ्याला काढलं कशाला?"
मी नितीनकडे बघितलं. हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता.
नितीननं पाइप बंद केला. शेठ हॅलो, हॅलो करत राहिले.
आता सात वाजलेत. शेड बंद करून तो अजून पायरीवरच बसलाय, आत आलेला नाही.