एकच गाय, दोन गोठे

आप्पा, आज तुमच्याशी भांडायला बसलेय. जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून सुटलात असं समजू नका.

गेल्या महिन्यात केनियाला जाऊन आले. व्हय, तुमची लेक, विमानानं! बेळगावातल्या आमच्या पतसंस्थेनं आम्हा चौघांना तिथल्या एका गावच्या पतसंस्थेचं काम बघायला पाठवलं होतं. डोंगरउतार, लाल माती, मक्याची रानं. बायकांच्या गटांना गाय घ्यायला ती संस्था मदत करते. आम्ही घरोघरी जाऊन गाय बघायची आणि वहीत शेरा लिहायचा. निपाणीकडच्या गावांतून मोटरसायकलवर फिरून तुम्ही सोसायटीच्या मदतीनं घेतलेल्या म्हशी बघायचात, अगदी तेच काम.

पहिल्या घरी गाय बघितली. तांबडी, डाव्या गुडघ्यावर पांढरा डाग. चहा झाला. गाडीनं वळसा घालून दुसऱ्या घरी पोचलो, तर तिथंही तांबडीच गाय, आणि डाव्या गुडघ्यावर ओला चिखल थापलेला. बाकी अंग लख्ख. आडवाटेनं पळवत आणलेली बिचारी धापा टाकतेय. घरची बाई माझ्याच वयाची, दावं घट्ट धरून माझ्याकडं बघतेय. मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. सातासमुद्रापार गेलं तरी माणूस तीच अक्कल लढवतो की!

कारण मला तुमच्या मागं बसून गेलेला तो दिवस आठवला. मी पाचवीत, शाळेला सुट्टी. गावच्या सोसायटीचे चेअरमन आपल्याबरोबर फिरत होते. एका घरी म्हैस बघितली, आणि चार घरं सोडून नवरा वारलेल्या एका आक्काच्या गोठ्यात तीच म्हैस, भर उन्हात पाठीवर गोणपाट पांघरून उभी. तुम्ही शेरा मारलात, "म्हैस जाग्यावर नाही." आक्का पाया पडत होती. "सायेब, लेकराच्या दवाखान्यापायी इकली वो म्हस. एवढ्या बारीला सांभाळून घ्या." तुम्ही वर बघितलंसुद्धा न्हाय. तिची मदत बंद झाली, आणि पोरांना घेऊन ती गाव सोडून गेली. त्या दिवशी जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "खोटं ते खोटं. एकाला सोडलं की सगळं गाव डोक्यावर बसतंय." या वाक्यावर मी जन्मभर चिडलेय, आप्पा. एका म्हशीपायी एक घर उठवलंत तुम्ही.

तर ऐका आता. आमच्यातले एकजण कानाशी आले, "मॅडम, ही मघाचीच वाटते की वो." मी म्हटलं, "गाई सगळ्या सारख्याच दिसतात, चला तुम्ही पुढं." मग आमच्याबरोबरच्या दुभाषीबाईला घेऊन त्या बाईशी बोलले. तिची गाय तापानं मेलीय. हे कळलं तर गटातल्या कुणालाच पुढची गाय मिळायची न्हाय. म्हणून शेजारणीच्या गाईची वैरण ही कापते, धारा ती काढते, दूध दोघी वाटून घेतात. मी वहीत लिहिलं, "गाय बघितली. दोघीजणी मिळून नेटानं सांभाळतात. आणखी एक गाय द्यावी." एक अक्षर खोटं न्हाय! सहीसुद्धा चांगली ठळक केली. तुमचा नियम मोडला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन. कुणाला काय चौकशी करायची ती करू दे.

हे पत्र टाकायला पेटी न्हाय, ठाऊक आहे मला. तरी तुम्हाला चांगलं सुनवायचं म्हणून लिहीत आले आणि आता हात अडतोय. त्या दिवशी तुम्ही आधी वही मिटली होती. "बरी हाय म्हस," असं म्हणून चपला घालत होता. "आप्पा, ही तर मघाचीच म्हस!" असं चेअरमनच्या देखत मी ओरडले. कौतुक होईल म्हणून ओरडले. मग तुम्हाला वही पुन्हा उघडावीच लागली. वाटेत तुम्ही मला एका शब्दानं बोलला न्हाय. घरी आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, "मीच ओळखली." आई शेवटपर्यंत तुम्हाला दगड म्हणायची, आणि मी तिच्या हो ला हो करायची.