‘लवकरच’ लिहिलेली गाडी

बा, मी आता गाड्यांच्या दुकानात कामाला आहे, नाशिकला. दुकान म्हटलं की तुला टायर, ऑइलचे डबे आणि काळे हात आठवतील. इथे तसं काही नाही. फरशी इतकी चकचकीत की खाली पाहिलं तर आपलंच तोंड दिसतं, आणि गाड्यांना डिझेलचा वास नाही, कारण त्या विजेवर चालतात. आपल्या पाड्यातली सगळी घरं मिळून जितक्याची होतील त्याहून एकेक गाडी महाग. माझं काम असं की नवी गाडी न्यायला माणसं आली की त्यांना शेजारी बसवायचं आणि ती कशी चालवायची ते समजावून सांगायचं. गाडीला चावी नसते, मोबाइल हीच चावी. दाराच्या मुठी दारातच लपलेल्या असतात, कुलूप उघडलं की आपोआप बाहेर येतात. बटणं नाहीतच म्हण, समोर टीव्हीसारखी एक मोठी काच आहे आणि सगळं तिच्यावर बोटाने चालतं. हे तुला सांगितलं असतं तर तू आधी हसला असतास आणि मग विचारलं असतंस, ती काच बंद पडली तर?

ती बंद पडते, बा. त्याचंच सांगायचं आहे.

तू चालवायचास ती जीप तुझी नव्हती, जव्हारच्या मालकाची होती. जव्हारहून मोखाडा आणि मोखाड्याहून खोडाळा, बाजाराच्या दिवशी तर टपावरसुद्धा माणसं. तिला एकाच बाजूचा वायपर होता. हॉर्न मनात आलं तर वाजायचा. मागचं दार सायकलच्या ट्यूबने बांधलेलं असायचं. सुट्टीत मी तुझ्याशेजारी गिअरला पाय न लागू देता अंग चोरून बसायची, तेव्हाचं मला आठवतं, की नवं माणूस मागे चढलं की तू मान वळवून सांगायचास, “मागचं दार आतून उघडत नाय. उतरायचं असंल तं हाक मारा, मी येतो.” रोज बसणाऱ्यांना ते पाठ झालं होतं, ती हसायची. तू तरी सांगायचासच. एकदा मोखाड्याच्या नाक्यावर पोशेऱ्याची एक बाई आली, तापाने फणफणलेली, नवऱ्याच्या आधाराने उभी. तिला जव्हारच्या दवाखान्यात जायचं होतं आणि जीप चालू होत नव्हती. मी मोठ्या माणसासारखी पुढे होऊन म्हणाले, “बसा, व्हईल आता चालू.” तू बॉनेटमधून डोकं बाहेर काढलंस. “व्हईल बोलू नको. तुला ठावं हाय का? नाय ना? मंग नाय बोल.” सगळ्यांसमोर. आणि तूच हात करून दुसरी जीप थांबवलीस आणि त्यांना तिच्यात बसवून दिलंस. त्या दिवशी मी तुझ्याशी घरी जाईपर्यंत बोलले नाही. मी आश्रमशाळेत राहायला निघाले तेव्हा त्याच जीपचा तडकलेला आरसा तू लाकडात बसवून मला दिला होतास, वेण्या घालायला. तो तिथे कोणीतरी उचलला. मी दहावीत असताना तू गेलास, त्यानंतर मी गाड्यांचंच शिकले. का, ते तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नसतं.

आमच्याकडे एक बाई आल्या, सत्तरीच्या घरातल्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान गुरांचे डॉक्टर. तरुणपणी आपल्या खोडाळ्याला नोकरीला होते. त्यांना आता कंपवाताचा आजार, हात सतत थरथरतात, बोलणंही हळू झालेलं. आयुष्यभर गाडी त्यांनी चालवली, आता बाईंना चालवायला लागणार होती. परदेशातल्या मुलाने जाहिरात वाचून ही गाडी निवडली होती. जाहिरातीत होतं की गाडी स्वतः जागा शोधून उभी राहते, चालवणाऱ्याला डुलकी लागली तर उठवते, आणि आत कोणी बसलेलं असेल तर तिला ते कळतं, मग ती कुलूप लावत नाही आणि गारवा बंद करत नाही. मी बाईंना शेजारी बसवून एकेक दाखवत गेले. या शेवटच्या गोष्टीपाशी आले तर तिथलं नाव करड्या अक्षरात होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘लवकरच’. तशी आणखीही बरीच नावं होती. बाईंनी चष्मा वर सरकवला. “लवकरच म्हणजे कधी?” आमचे मॅनेजर मागेच उभे होते, हसून म्हणाले, “पुढच्या अपडेटला येऊन जाईल मॅडम. तुम्हाला इथे यायचीसुद्धा गरज नाही, घरबसल्या येईल.” बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, “मला माहीत नाही. आज जे नाही ते नाहीच असं धरून चालवा.” मग दाराच्या कप्प्याखाली हात घालून वीज गेली तर ओढायचा खटका दाखवला. त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला. यजमान घरी होते. त्या गेल्यावर मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, “खोटं बोल असं कोण म्हणतंय? पण एवढं खरं बोलायचीही गरज नसते.”

मे महिन्यात त्या दोघांनी ठरवलं की जव्हारला जायचं, तिथला इतिहासातला शिरपामाळ बघायचा आणि परतताना खोडाळ्याचा तो जुना गुरांचा दवाखाना. त्र्यंबकवरून गेले. मोखाडा सोडल्यावर पोशेऱ्याच्या बाजूला एका वळणावर बाई उतरल्या. यजमानांना समोरचा डोंगर ओळखीचा वाटत होता, म्हणून फोटो काढायला. मोबाइल हातात घेऊन त्या दहा-वीस पावलं पुढे गेल्या, आणि चावी लांब गेली म्हणून गाडीने स्वतःला कुलूप लावून घेतलं. इथवर ती तिला शिकवल्याप्रमाणेच वागली. बाई परत आल्या तेव्हा आतली ती टीव्हीसारखी काच काळी पडली होती, गाडीची सगळी वीजच गेली होती. मुठी बाहेर येईनात, काचा उतरेनात, पंखा बंद. मोबाइलवरून उघडायचं तर तिथे रेंज नाही. आतमध्ये डॉक्टर पट्टा बांधून बसलेले. बाई काचेवर हात आपटून खटक्याची जागा दाखवत होत्या, ते खाली वाकायला बघत होते, पण बोटं ऐकत नव्हती. ऊन कसं असतं ते तुला सांगायला नको.

वरच्या वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. बाई पळत तिकडे गेल्या, तिथे रेंज आली. आधी त्यांनी कंपनीचा मदतीचा नंबर लावला. तिकडचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, सिस्टीम स्वतःहून पुन्हा सुरू होईल, कृपया थांबा आणि गाडीचं नुकसान करू नका. मग त्यांनी मला लावला. मी तेव्हा एका कुटुंबाला गाडी देत होते. बॉनेटवर हार, फीत कापायला कात्री तबकात, फोटोवाला सगळ्यांना जवळ या म्हणत होता. बाईंना नीट बोलताही येत नव्हतं. “ते आत आहेत. दार उघडत नाही. यांचे ओठ...” एवढंच. मी विचारलं, तुमच्याजवळ कोण आहे? कामावरच्या बायका आहेत म्हणाल्या. मी म्हणाले, त्यांच्यातल्या एकीला फोन द्या.

फोनवर दुसरा आवाज आला आणि बा, माझ्या तोंडून आपली बोली बाहेर पडली. घराबाहेर, कितीतरी वर्षांनी. त्या चकचकीत फरशीवर, हार घातलेल्या गाडीशेजारी उभी राहून, मोठमोठ्याने.

“बाय, तुझ्या हातात काय हाय?”

“घन हाय. खडी फोडतू आमी.”

“मंग ऐक. खाली गाडीत म्हातारा हाय, तो मरंल. बाजूची काच फोडू नको, ती लवकर फुटत नाय. मागची मोठी काच हाय ना, तिच्या खालच्या कोनात मार. आत जा, आन पुढच्या दाराच्या कप्प्याखाली खटका हाय, तो वढ.”

मागे कोणी पुरुष ओरडत होता, त्यांचा मुकादम असावा, “हात लावू नको गाडीला, आपल्या अंगावर येल.” मग ती म्हणाली, “मोठ्यांची गाडी हाय बाय. आमाला धरतील. तू कोन?”

“मी खोडाल्याची हाय. आपलीच हाय. कोनी इचारलं तं माझं नाव सांग, मी फोडायला लावली. जा तू.”

ती गेली. बाईही फोन घेऊन तिच्यामागे रेंजबाहेर धावल्या असणार, कारण फोन कट झाला. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले आणि संपर्काबाहेर, संपर्काबाहेर एवढंच ऐकू येत राहिलं. सगळं शोरूम माझ्याकडे बघत होतं. ज्यांची गाडी होती ती माणसं फीत न कापता उभी होती. मॅनेजरनी विचारलं, “कोणाला काय फोडायला सांगितलंस?” मी सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि कंपनीला फोन लावू लागले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग एका अनोळखी नंबरवरून बाईंचा फोन आला. काढलं बाहेर. श्वास आहे. मोखाड्याच्या दवाखान्यात नेतोय.

दुपारी गाडी उचलून आणायला ट्रक निघाला, त्यात बसून मी तिकडे गेले. तू गेल्यापासून या रस्त्याने मी एसटीनेच आले-गेले होते, तेही आईला भेटण्यापुरतं. ती बाई अजून तिथेच खडी फोडत होती. माझ्यापेक्षा लहान असेल. मनगटाला लुगड्याची चिंधी बांधलेली, तिच्यावर रक्त वाळलेलं. काचेतून आत शिरताना कापलं होतं. मी फोनवरची म्हटल्यावर तिने घण खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू व्हय? मला वाटलं म्हातारी असंल.” मग म्हणाली, “पहिल्या घावात नाय फुटली. मला रडू आलं. मंग मारलं दनादन.” कोणाची तू, असं तिने विचारलं. जीपवाल्याची म्हणून सांगितलं, जीपचा रंग सांगितला. तिने नाही म्हणून मान हलवली. “आमी हिकडचे नाय, कामापुरते आलो.” तिला दवाखान्यात येतेस का विचारलं तर म्हणाली, खाडा पडंल. मी तिच्या मुकादमाशी बोलले आणि तिला सोबत घेतलं. मनगटाला टाके पडले.

डॉक्टर खाटेवर होते, सलाईन लावलेलं. त्या बाईला बघून त्यांनी थरथरते हात जोडले आणि ती ओशाळून दाराआड गेली. मला ते म्हणाले, हळूहळू, एकेक शब्द शोधत, “मला सगळं दिसत होतं. ही पळताना दिसली. मला वाटलं, ही मला सोडून चालली.” त्यांच्या पत्नी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी यजमानांच्या कपाळावर ठेवलेला आपला हात तिथेच राहू दिला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “तुम्ही मला सांगितलं होतं, नाही ते नाहीच धरा. मी धरलं. यांना सांगायचं राहिलं. बसणाऱ्यालाही सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.” मी त्यांना तुझं ते मागचं दार सांगणार होते. पण त्या रडायला लागल्या, मग राहिलं.

पुढे काय झालं ते विचारशील. मोठ्या ऑफिसातल्या लोकांनी पडद्यावरून मला विचारलं, काच फोडायला सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मी म्हटलं, कोणी नाही. मला गाड्या देण्याच्या कामावरून काढून आत बसवलं. मग बाई एक दिवस शोरूमला आल्या, यजमानांना घेऊन, आणि मॅनेजरच्या समोर बसल्या. आरडाओरडा नाही, वर्गात बोलत असाव्यात तसं शांत. दार लावून घेतलं होतं, मला फार ऐकू आलं नाही. त्यानंतर मॅनेजरनी मला परत पुढे बोलावलं. आता आमच्याकडे गाडी न्यायची तर घरातली जी जी माणसं तिच्यात बसणार ती सगळी यावी लागतात, म्हातारी आणि पोरंसुद्धा, आणि प्रत्येकाने तो खटका आपल्या हाताने ओढल्याशिवाय मी फीत कापू देत नाही. हा कंपनीचा नियम नाही. मॅनेजर तो मोडत नाहीत एवढंच. अपडेट आलं. दोन-तीन करडी नावं पांढरी झाली, म्हणजे चालू झाली. आतला माणूस ओळखण्याचं अजून करडंच आहे, आणि गाड्या जातच आहेत. त्या दोघांनी ती गाडी विकली. डॉक्टर आता कुठल्याही गाडीत बसले तरी काच पूर्ण वर जाऊ देत नाहीत, कडेवर बोटं ठेवून बसतात. थंडीतही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी गाड्या विकते, आणि विजेची गाडी पावसात शॉक देते का, एवढंच ती दर वेळी विचारते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला कळतं. तुला एसटीच्या पाट्या वाचता यायच्या, त्यापलीकडे नाही, म्हणजे तू असतास तरी मलाच हे वाचून दाखवावं लागलं असतं. खरं तर मी ते आपल्या बोलीत लिहायला बसले होते. त्या दिवशी फोनवर ती न विचारता आली होती, म्हणून वाटलं आताही येईल. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. मग ही शाळेतली मराठी सुरू झाली आणि शेवटपर्यंत तीच राहिली. तू समोर बसून ऐकत असतास तर हे सगळं तुला कळेल असं मला बोलून सांगता आलं असतं का, बा, मला माहीत नाही.