वडिलांच्या मार्टिनीतलं कडं

मुक्काम बाला, सोमवार, १४ ऑक्टोबर १९९१

प्रिय गेथिनदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तब्येत बरी असेलच. राग शाबूत असला की तुझी तब्येत ठणठणीत असते.

इकडे मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. रविवारी नेमबाजीच्या रेंजवर घोटाभर चिखल होता, तरी आपली म्हातारी मंडळी आपापल्या म्हाताऱ्या रायफली घेऊन हजर! चहावाली मेगन म्हणाली, "एका वेळी एकच गोळी, आणि ऐट बघा, जशी पलटण निघाली!" तू नव्हतास. कुणी तुझी चौकशी केली की मी विषय बदलत होतो.

काल संध्याकाळी तुझी लूनेड येऊन गेली. म्हणाली, "काका, त्या रायफलीच्या नळीतल्या कड्यापायी बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. शनिवारी माझ्या लग्नात बाबांचा हात न धरता मी एकटीच चालत जाईन. पण देवाशप्पथ, मी काही केलं नाही रे."

मी काय म्हणालो? "चहा घे."

दादा, ते कडं मी पाडलं.

उन्हाळ्यात तू वडिलांची मार्टिनी रायफल मला स्पर्धेसाठी दिलीस ना, तेव्हा. माझा खांदा कामातून गेलाय, कुणाला सांगितलं नव्हतं. पुरा धक्का सोसवेना, म्हणून काडतुसात काळी दारू कमी भरली. वरची मोकळी जागा रव्याने भरायची, तर घरातला रवा संपलेला. ही म्हणाली, "परवाच खीर केली ना, दुकानातून आणा." मला कुठला धीर! दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहिली की नळी आतून फुगते, हे लूनेडला मीच शिकवलं. एकदा ती विसरली तर रेंजभर ओरडलो होतो. आणि स्वतः मात्र "एका बाराने काय होतंय!" बार काढून नळीत डोकावलो, तर आत गोल काळी सावली, नळी फुगून पडलेलं कडं. पुसून पुसून हात दुखले, पण ती काय पुसली जाणार!

तशीच रायफल तुला परत केली. पुढे लूनेडने ती चालवली आणि तिच्यानंतर तू नळीत पाहिलंस. तू पोरीवर तुटून पडलास तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मफलर नीट करत होतो. लाज वाटते रे.

वडिलांनी रायफल तुला दिली, मला नाही, हे मला कायम सलत आलं. "माझ्याकडे असती तर जपली असती" हे किती वेळा ऐकवलंय तुला! ते शब्द गिळायला लागू नयेत म्हणून मी तुझ्या पोरीला पुढे केलं.

आज सकाळी तिला सगळं सांगून आलो. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "काका, तू लग्नाला येऊ नकोस." बरोबर आहे तिचं. मी येणार नाही.

माझं काय करायचं ते सावकाश ठरव. पण शनिवारी ती चॅपेलच्या दारात उभी असेल, तेव्हा तिचा हात तुझ्या हातात असू दे. एवढं कर.

ज्याच्यावर तू एकदाही संशय घेतला नाहीस, तो तुझा धाकटा भाऊ,
इद्वल