सावड चुकली

प्रिय आई,

फोन लावला की मामी उचलतात आणि तुम्ही मागून म्हणता, "सांग, नेटवर्क नाय." मला ते स्पष्ट ऐकू येतं. म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय, चष्मा नसला तरी लागेल. मामींकडून वाचून घेऊ नका, तुम्ही स्वतःच वाचा.

शेत बरं आहे. भात पोटरीला आलं नाही अजून, पण हिरवंगार आहे. तुम्ही एकटीने लावलेल्या खालच्या खाचराकडे मात्र माझ्याने नीट बघवत नाही.

माझी नोकरी अजून आहे. खालापूरच्या कंपनीतले हे शेवटचे परीक्षेचे दिवस, महिनाअखेरीस कायम करतील नाहीतर निरोप देतील. हर्षूच्या वेळी मी हिशेबाचं काम सोडलं आणि मागाहून जीएसटी आला. सात वर्षांनी परत जाताना सगळं नव्याने शिकले ते तुमच्या जिवावर. मोबाइलवर धडे ऐकत बसायचे तेव्हा तुम्ही हर्षूला बोटाला धरून विहिरीकडे जायचात आणि जाता जाता विचारायचात, "ह्यो तुजा जीएसटी आपल्या घरातून जायाचा कवा गं?" पहिल्या आठवड्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर मी परराज्याचा कर लावला. शेजारच्या टेबलावरचा संतोष, वयाने माझ्याहून लहान, मोठ्याने म्हणाला, "मॅडम, पुणं अजून महाराष्ट्रातच आहे." सगळे हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी आल्यावर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "हसू दे. त्यांना भात लावता येतं का इचार."

माहेरी, कोंडाण्यात, आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. लग्नात तुम्ही वऱ्हाडातल्या बायांना सांगत फिरत होतात, "माजी सून बीकॉम हाय." तेव्हा मला लाज वाटली होती. आता वाटतं, तेवढ्या विश्वासाने माझ्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

आणि मग ती लावणीची सावड. आज आपण गौराबाईच्या शेतात, उद्या गौराबाई आपल्या, हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून पाहिलं होतं. पण गौराबाईची लावणी नेमकी अकरा तारखेला आली, आणि त्याच दिवशी कंपनीचं जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं. मला वाटलं, एका बाईऐवजी एक बाई गेली की झालं. वाडीवरच्या जयवंताबाईला मजुरी ठरवून पाठवलं आणि निर्धास्त कामाला गेले. गौराबाईने तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. "मजूर आमाला बी मिळतात गं," म्हणाली, "आमाला घरची बाई पायजे व्हती." आपल्या लावणीला मग कुणीच आलं नाही. तुम्ही बांधावर रोपांच्या मुठी मांडून वाट पाहत राहिलात आणि शेवटी एकट्याच चिखलात उतरलात. खाचर पुरं झाल्यावर पिशवी भरलीत आणि भावाच्या घरी, लोधिवलीला निघून गेलात. चार शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं, आई.

गेल्या दोन रविवारी मी न बोलावता गौराबाईच्या शेतात बेणणीला गेले. पहिल्यांदा ती पाठ करून गवत उपटत राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, "सून आली. सासू कुठं लपली हाय?" हसली नाही, पण जेवताना भाकरीचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

आता खरं ते लिहिते. तुम्ही गेल्यापासून हर्षू शाळेतून येते ती कुलूप लावलेल्या दाराशी. पडवीत बसते, डबा खाते, माझी वाट बघते. तुमचा स्वप्नील टेंपो घेऊन पनवेलला, तो अंधार पडल्यावर येतो. मंगळवारी हर्षू पडवीत बसली नाही. मला आणायला एकटीच चालत भिवपुरीच्या स्टेशनवर गेली. मी उतरले तर ती बाकावर, तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी दिलेलं बिस्किट हातात धरून. म्हणाली, "मी लवकर आले म्हणजे तू पण लवकर येशील ना?" रूळ ओलांडून आली होती, आई. तेव्हापासून ऑफिसात माझ्या बेरजा चुकतात. किरण साहेबांनी दोनदा विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी "हो" म्हटलं. तिसऱ्यांदा विचारणार नाहीत, सरळ निरोपाचा कागद देतील.

काल स्वप्नील हर्षूच्या शाळेत जाऊन दाखल्याची चौकशी करून आला. येत्या रविवारी तो तुमच्याकडे येणार आहे, हर्षूला तुमच्याजवळ ठेवून लोधिवलीच्या शाळेत घालायचं म्हणून. "आईकडं ती सुखात राहील आणि तुजी नोकरी बी राहील," म्हणतो. त्याच्या बोलण्यात खोट नाही, म्हणूनच मला त्याच्याशी भांडता येत नाही. त्याने पाणी प्यायच्या आत तुम्ही हो म्हणाल, हे मी जाणते. नातीवर तुमचा किती जीव आहे ते मला कुणी सांगायला नको. तरी तुमच्या पाया पडते, नाही म्हणा. पोर सोडून मला बीकॉम राहायचं नाही, आणि नोकरी सोडून पोरीसमोर उभं राहायचं नाही. तुम्ही घरी आलात तर मी रस्त्यापर्यंत धावत येईन. नाही आलात तर कुणाच्या दारात पदर पसरायचा तो पसरीन, गौराबाईच्याही. पण रविवारी त्याला नाही म्हणा. तो माझं ऐकत नाही, तुमचंच ऐकतो.

तुमचीच,
सोनाली