डोक्यात गेलेला गोवर

२ जानेवारी २००३
ही वही दिवाळीत घेतली. आज सुरू करतोय. मधे पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा वही सापडेना. असो.

आज मुरबाडला भजी ज्या पेपरात बांधून मिळाली, त्यात माझं आयुष्य छापलंय. लहानपणी जबर ताप, इन्फेक्शन झालं तर मोठेपणी डोक्याचे आजार व्हायची शक्यता वाढते, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पुढचं तेलात गेलं. पण कळायचं ते कळलं. दहावी दोनदा, आसनगावचं झेरॉक्सचं दुकान, कसाऱ्याचा ढाबा, काहीच का टिकलं नाही? गोवर. पाच वर्षांचा असताना अकरा दिवस कडुलिंबाच्या पाल्यावर पडून होतो. वास अजून आठवतो. गोवर अंगावर नीट फुटला नाही, डोक्यात गेला.

उद्यापासून स्वतःकडे लक्ष.

५ जानेवारी
लक्ष लागत नाही. ओटीवर माझी थोरली बहीण असते, नाव सावळी. दिवाळीला माहेरी आली ती इथंच. झोपत नाही, अर्ध्या भाकरीवर उठते, विहिरीकडून कोण हाक मारतं म्हणून मला विचारते. माझ्यासारख्या पेशंटला हे बरं नव्हे.

तिच्या नवऱ्याचा, नामाचा, निरोप आलाय. शिमग्यापर्यंत बरी झाली नाही तर न्यायला येणार नाही. आई म्हणाली, शहापूरला एक मंगळवार सोडून डोक्याचा डॉक्टर येतो, तिला ने. हो म्हटलं.

७ जानेवारी, मंगळवार
शहापूरला जाऊन आलो. एकटाच. आधी रस्ता, लाइन, सगळं बघून ठेवावं असा प्लॅन. खिडकीवर नाव विचारलं, माझं दिलं.

डॉक्टर शांत माणूस. ताप आलेल्या सगळ्यांनाच असं होत नाही म्हणाले. गोवर नक्की झाला होता का, आईला विचारून या. मग विचारलं, घरात कोणाची झोप गेलीय का, कोणाला आवाज ऐकू येतात का? नाही म्हटलं. विषय माझा चालला होता.

१२ जानेवारी
आईला विचारायचं राहिलं. मी उठतो तेव्हा ती वालाच्या शेतात असते. उद्या पाचला उठणार.

१८ जानेवारी
म्हशाची जत्रा. आई घोंगडी घ्यायला गेली म्हणून मागोमाग गेलो, विचारायलाच. वाटेत बैलबाजार लागला. एका बैलवाल्याला सगळी थिअरी समजावली. त्याने नीट ऐकलं. मग विचारलं, बैल घेणार हायेस का? आई सापडली नाही.

२० जानेवारी
विचारलं. आई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला नाय रे निगाला गोवर. सावळीला निगाला. तू तिला सोडीत नव्हतास, म्हणून तुजी गोधडी पण पाल्याशेजारी टाकली."

अकरा दिवस सावळीचे. ताप डोक्यात चढून दोन दिवस कोणाला ओळखत नव्हती, तीही सावळीच.

वास तरी माझ्या नाकात गेलाच होता. डॉक्टरांना विचारीन.

उद्या मंगळवार. सावळीला सांगितलं, सहाची पहिली एसटी, फाट्यावरून. तिने मान हलवली. आता ह्यात बदल नाही.

२१ जानेवारी, सकाळी ९.४०
आत्ता उठलो. आजारात झोप जास्त लागते. सावळी ओटीवर नाही. चप्पलही नाही.

१०.३०
विहिरीत दोनदा वाकून पाहिलं. नुसतं पाणी. आई शेतातून आलीय, तीही वाकून बघतेय.

संध्याकाळी ५
नामा आलाय. मागे सावळी, हातात गोळ्यांची पिशवी.

ती म्हणाली, "मी पाचलाच फाट्यावर जाऊन बसली. तू नाय आलास. एस्टीतनं हे उतरले."

नामा म्हणतो, तो कायमचं तोडायचं बोलायला निघाला होता. ही एकटी बसलेली दिसली, म्हणून त्याच गाडीत चढवून शहापूरला नेली. पुढच्या तारखेलाही तोच नेणार. डॉक्टरांनी गावाचं नाव ऐकून माझाही केसपेपर धाडलाय. आजाराच्या जागी आडवी रेघ.

आई म्हणतेय, पेन ठेव, जावयाला पाणी दे. एवढं लिहीपर्यंत पाणी सावळीने दिलंसुद्धा.